विसर्गाच्या जागी कोलन

मामाचं अक्षर संगणकावर आणायचं खूळ माझं. मामा कोल्हापुरात पाट्या रंगवायचा. कोडोलीच्या दूध संस्थेपासून जयसिंगपूरच्या कापडदुकानांपर्यंत त्याचं ठसठशीत अक्षर पोचलं होतं. हात थरथरायला लागल्यावर त्याचा ब्रश सुटला, तेव्हा मी त्या अक्षरांचा फॉन्ट करायला घेतला. क, ख, ग काढताना जीव ओतला. विरामचिन्हं आणि गणिताची चिन्हं मात्र शेवटी उरकून टाकली. टिंबं नि रेघा, त्यात काय एवढं!

छापलेला कागद मामानं डोळ्यांजवळ धरला. "ह्ये अधिकचं चिन्ह लई खाली बसलंय. आकड्याच्या पोटाबरोबर घे," म्हणाला. ते मी लगेच केलं. मग त्याचं बोट कोलनवर थांबलं. त्याचे ठिपके मी चौकोनी काढले होते आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडली होती.

"विसर्ग घावला न्हाय की लोकं हेच दाबत्यात. दुःख लिवताना बघ. जरा काय तरी कर की."

"चूक त्यांची आहे, मामा. शिकू देत की," मी अक्कल पाजळली.

"चूक त्यांची व्हय. पण अक्षर आपलं हाय न्हवं?"

मी हसून विषय उडवला. तो रुसला नाही, पण पुन्हा त्याबद्दल बोललाही नाही. फॉन्ट तसाच बाहेर पडला.

गेल्या वर्षी मामा गेला. मामेभावानं आठवणीनं त्याच्याच अक्षरात चौकात डिजिटल फलक लावला. वर मामाचा फोटो, खाली 'दु : खद निधन'. दु एकीकडे, खद दुसरीकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक फलकवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्यावर तणतणले.

त्यानं शांतपणे टाइप करून दाखवलं. "ताई, मी चिकटूनच टाकलंय की. ह्यो फॉन्टच तसला हाय. कुणी केलाय कुणास ठाऊक!"

मीच केलाय, हे न सांगताच मी दुकानाबाहेर पडले.

दिवसकार्य उरकल्यावर संगणक उघडला. दोन अक्षरांमध्ये कोलन चिकटून आला की त्याच्या जागी आपोआप विसर्ग दिसावा, एवढा एकच नियम फॉन्टमध्ये लिहायचा होता. अर्ध्या तासात झाला. मामा असताना तो अर्धा तास मी काढला नाही, कारण मला बरोबर ठरायचं होतं.