रिकाम्या जागेचा शत्रू

"खोक्यात मोकळी जागा ठेवणारा माणूस मनानेही आळशी असतो," असं अनुप खांबेटे एकदा भर पंगतीत म्हणाला होता.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी घरांत या वाक्याला मान होता. भारतात निघालेल्या कुणाचीही बॅग अनुपच भरायचा. जाताना बुटांच्या आत चॉकलेटं, येताना त्याच बुटांत मेतकूट. ऑफिसात तो जोखीम टाळण्यावर स्लाइड दाखवायचा आणि लोक न बघता माना डोलवायचे. घरी बॅग काट्याला लटकवली की मात्र तो देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तसा उभा राहायचा. दुसरा देव त्याला परवडला नसावा.

मुलगी तनू लीड्सला ॲनिमेशन शिकत होती. बेकरीत राबून, एकेक भाग विकत घेऊन तिने स्वतःचा कॉम्प्युटर जोडला होता. सुट्टीत तो घरी आणलेला. सोमवारी परीक्षकांना फिल्म दाखवायची होती, आणि ती चालवण्याइतकं दमदार मशीन तिच्याकडे हे एकच. ती ट्रेनने पुढे गेली. मशीन कुरियरने यायचं होतं.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड बाहेर काढ हं," ती फोनवर म्हणाली. "ते जड असतं. धक्का बसला तर ते ज्यात बसतं तो बोर्डवरचा स्लॉटच तुटेल."

"अगं, हलायला जागाच नाही ठेवली तर धक्का बसेल कुठे?"

"अहो, मशीन तिचं आहे. ती सांगते तसं करा," त्याची बायको श्यामला म्हणाली.

"तिच्या सुटकेसमध्ये निम्मी हवा असते. ती मला शिकवणार?"

कार्ड जागच्या जागी राहिलं. अनुपने मशीनचं बाजूचं झाकण उघडलं, आणि आतली पोकळी बघून त्याला अक्षरशः भूक लागल्यासारखं झालं. भाजणीच्या पुड्या, लोकरीचे मोजे, कोपऱ्यात गोडा मसाला. हाताने दाबून दाबून.

खोकं गुरुवारी पोचलं. "उघडू नकोस, काय कुठे आहे ते मलाच माहीत," असं त्याने बजावलं. रविवारी दोघं नवराबायको लीड्सला गेली. मग समारंभाने टेप कापली गेली.

झाकण उघडताच गोडा मसाल्याचा वास खोलीभर झाला. पुडी फुटून मसाला मशीनच्या पंख्यांत भरला होता. वाटेत कुठेतरी खोकं आपटलं असणार. भाजणीच्या भाराखाली कार्ड स्लॉटसकट बोर्डावरून उखडून लोंबत होतं.

तनू एकेक पुडी काढून पलंगावर ठेवत गेली.

"गुरुवारी उघडलं असतं तर नवीन बोर्ड आणला असता मी," ती म्हणाली. "आता उद्या मी काय दाखवू, बाबा?"

"भाजणी दाखव," श्यामला म्हणाली. "बाबांनी प्रेमाने भरलीय."

अनुप त्या उघड्या मशीनकडे बघत राहिला. आत आता जागाच जागा होती. त्याने एक मोजा उचलला, पुन्हा खाली ठेवला. खुर्चीवरचा कोट घेतला, आणि खोलीबाहेर पडला.