तीन टक आणि एक फरफट

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या माणसाला सगळे 'मास्तर' म्हणायचे. जन्मापासून दृष्टी नाही, पण कान असे, की पावलांवरून तुमची चप्पल कुठे झिजलीय ते सांगेल. स्वभाव मात्र हेकट. कुत्रा घरात राहणार म्हणजे राहणार, यावरून बायकोशी त्याची बारा वर्षं जुंपलेली. कुत्र्याचं नाव गुंड्या आणि गुंडगिरीच्या नावानं शून्य. मागचा एक पाय अधू, त्यामुळे फरशीवर चालला की तीन टक आणि एक फरफट.

मग बायकोला दम्यानं गाठलं. डॉक्टर म्हणाले, केसांमुळे होतंय, कुत्रा बाहेर ठेवा. मास्तरनं हात टेकले. गुंड्याला ओढत अंगणात नेलं, पोतं अंथरलं, साखळीनं बांधलं आणि दार लावून घेतलं. दोन दिवस अन्नावरची वासना उडाली. कुत्र्याची नव्हे, मास्तरची.

तिसऱ्या दुपारी तो वेत भिजवत बसला होता. बायको खाटेवर पडलेली. तेवढ्यात फरशीवर नखं वाजली.

"मला नियम शिकवतेस आणि स्वतः चोरून आत घेतेस होय?" तो म्हणाला.

"मी कशाला घेऊ? अहो, तो बाहेर भुंकतोय. ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होतं, तीच तर पंचाईत होती. बाहेर साखळी खणखणत होती आणि आत नखं स्वयंपाकघरातून खाटेकडे चालली होती. चारही टक सारखे. फरफट नाहीच. खाटेपाशी आवाज थांबला आणि बायकोचा श्वास अडकला.

खोटं कशाला सांगू, मास्तरची पाचावर धारण बसली. पण तो तिला काही बोलला नाही. आधीच ती बिचारी मेटाकुटीला आलेली. आठवडाभर रोज दुपारी हेच चाललं. औषध दुप्पट झालं, दमा चौपट. शेवटी एकदा तिचा श्वास इतका चिरकला, की मास्तर भिंत चाचपत अंगणात धावला आणि त्यानं साखळी सोडली.

गुंड्या आत घुसला तो थेट खाटेपाशी, आणि गुरगुरला. ती दुसरी नखं मागे सरकली, भिंतीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. बायकोनं छाती भरून श्वास घेतला.

डॉक्टर आधी चिडले, मग तिला तपासून त्यांनी औषध निम्मं केलं. मास्तरनं खूश व्हायला हवं होतं, नाही का? बारा वर्षं ज्यासाठी भांडला ते मिळालं होतं. पण गुंड्या वाळत चालला. झोप नाही, खाणं नाही, नुसता खाटेखाली बसून भिंतीकडे गुरगुरायचा. पंधरा दिवसांनी तो दार खरवडायला लागला. ज्याला बाहेर ओढत न्यावं लागलं होतं, तो आता बाहेर जायला रडत होता.

"सोडा हो त्याला," बायको म्हणाली. तिचा आवाज कसा मोकळा झाला होता. "मुकं जनावर ते. मी आता ठणठणीत आहे."

मास्तर दाराशी जाऊन बसला. गुंड्यानं थरथरतं डोकं त्याच्या मांडीवर टेकवलं. हाताला नुसती हाडं लागत होती. भिंतीपाशी कोणीतरी वाट बघत होतं, आणि ते त्या दोघांनाच ऐकू येत होतं. मास्तरला रडू आवरेना.

"मला माफ कर रे बाळा," तो म्हणाला आणि त्यानं आतून कडी लावली.