दुसऱ्यांची आत्मचरित्रं

दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिणारा माणूस अख्ख्या मराठी मुलखात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे आमचे थोरले मामा. चरित्र नव्हे हं, आत्मचरित्र! ‘तो जन्मला’ असं लिहिणं मामांना मुळीच पसंत नव्हतं; ‘मी जन्मलो’ असंच पाहिजे. खालापूरजवळच्या आमच्या आजोळी लिहिता येणारी माणसं मोजकी. बाकीच्यांनी काय सगळ्या आठवणी घेऊन तसंच वर जायचं, असा मामांचा सवाल असे. महायुद्धामुळे कागद मिळेना, तेव्हा लग्नपत्रिकांच्या पाठी आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद कामी आले. गावच्या पाटलांच्या आत्मचरित्राला तर शेवटपर्यंत हिंगाचा वास येत होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ज्याचं लिहायचं तो माणूस आधी होऊन बघायचा, असा मामांचा बाणा. ‘मी’ म्हणायचं तर त्याच्या अंगात शिरायला नको? न्हाव्याचं आत्मचरित्र सुरू झालं आणि सासुरवाडीला आलेल्या माझ्या वडिलांची अर्धी मिशी पहिल्याच प्रकरणात गेली. कर्जत स्टेशनातल्या सांधेवाल्याचं लिहीत होते तेव्हा मामा लाल आणि हिरवं फडकं घेऊन माजघराच्या दारात उभे. हिरवं हलल्याशिवाय मामीला स्वयंपाकघरातून बाहेर पडायची सोय नाही. चुलीवरच्या दुधाला मात्र लाल फडकं कळलं नाही, ते खुशाल उतू गेलं. आणि कहर झाला तो कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या डोंगरात मध काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या वेळी. मामा स्वतः कड्यावर चढले आणि तोंडाचा भोपळा करून परतले. पुढे ओट्यावर सगळ्यांसमोर वाचन झालं, “माझं तोंड एवढं सुजलं की बायकोनेही ओळखलं नाही.”

म्हातारा चुळबुळला. “मला माश्या कदी चावल्या नाय. ह्ये तुमचं झालं, माझं नाय.”

“मग एकदा चावून घ्या की,” मामा म्हणाले, “प्रकरण किती रंगलंय बघा.”

ही सगळी वाचनं मामी दाराआड उभी राहून ऐकायची. सगळ्यांत आधी हसू तिचंच यायचं, आणि ते आलं की मामांचा आवाज चढायचा. एका संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती म्हणाली, “अवो, माझं कवा लिवणार?”

मामा मोठ्याने हसले. “तुझ्या आयुष्यात लिवण्यासारखं काय घडलंय गं?”

पुढच्या वाचनाला मामी दाराआड आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मला मामांचा इतका राग आला की मीही चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसलो. मामा वाचत होते, लोक हसत होते, पण दर वाक्याला मामा दाराकडे बघत होते. शेवटी त्यांनी कागद गुंडाळून ठेवले आणि जाहीर केलं, आता हिचं.

पहिलं वाक्य झोकात लिहिलं, ‘मी पहाटे उठते.’ आणि मग नियम तो नियम. मामा पहाटे उठले. विहिरीवरून कळशी आणली, जात्यावर बसले, चूल फुंकली, तांदळाच्या भाकरी थापल्या, भात कांडलं. मामी हाताची घडी घालून मागे उभी. “अवो, कळशी सांडतेय. खांद्यावर घ्या.” हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसरं वाक्य लिहायला बसायला मामांना वेळच मिळेना. संध्याकाळी ती म्हणायची, “वाचा की.”

“अगं, अजून सकाळच सरली नाय.”

“मग हाय तेवढंच वाचा.”

मामा वाचायचे, ‘मी पहाटे उठते.’ मामी दाराआडून म्हणायची, “खरं हाय.” गावातली बाकीची आत्मचरित्रं तशीच अडून राहिली. कोणी विचारलं की मामा सांगायचे, थांबा, इथे दम लागलाय.

मामी गेली तेव्हा मला जायला जमलं नाही. जमलं तेव्हा पोचलो तो पहाटेचाच. मामा खांद्यावर कळशी घेऊन विहिरीवरून येत होते, चांगलेच वाकले होते.

“मामा, आता कशाला? शेजारचं कोणीही आणून देईल.”

त्यांनी कळशी उंबऱ्यापाशी टेकवली. “तिचं अजून संपलं नाय रं,” म्हणाले, आणि चुलीपुढे बसून फुंकर घालू लागले. मी पिठाची परात त्यांच्यापुढे सरकवली.