तणस हुंगणारी रुखमा

"वरचं काळं तणस फेकून दे. तिले नको टाकू," देवाजी म्हणत होता.

"फेकाले ते का लगन झाल्यावरचं तोरण हाय? वरचं आधी सरलं पायजे. चांगलं बैलाईले राहू द्या."

"रुखमा, ती गाभण हाय."

"मी तीनदा पोटुशी होती. मले का तुमी तांदूळ निवडून देल्ला होता?"

आमच्या दोन आंगणांच्या मधात बांबूचा कुड. मी अलीकडे भाजी निवडत होते आणि कान पलीकडे. खोटं कशाला बोलू, त्या कुडाला इतक्या फटी, की ऐकायचं नसेल तर मलाच घर सोडून जावं लागलं असतं.  रुखमापुढं देवाजी दुसऱ्याच बोलाला माघार घेई.

भांडण म्हशीवरून. ही वगार असतानाच तिची माय मेली, तेव्हा रुखमानं बाटलीनं दूध पाजून वाढवली. आता पहिल्यांदा गाभण होती. रुखमा तिला पोटच्या पोरीसारखं वागवी, आणि आपल्याकडं पोरीला जसं उरलंसुरलं वाढतात, तसंच तिलाही वाढी.

त्या वर्षी कापलेलं धान शेतात पडून असताना पाऊस आला. मळणी कशीबशी झाली, पण धानाचा पेंढा, आमचं तणस, दमटच रचलं. ढिगाचा वरचा थर काळा पडला, त्यावर पांढरी बुरशी. आमच्या वडशाकडची रीतच अशी, की खराब आधी संपवायचं, आणि तेही कामाच्या बैलाला नाही, दाव्याला उभ्या असलेल्या जनावराला. मीही जन्मभर तेच केलं. फाटकं लुगडं घरी नेसून संपवतो ना, तसं.

नाटकांचे दिवस आले. सारा गाव वडशाला नाटक पाहायला निघाला आणि रुखमाची म्हैस लंगडायला लागली. पाय सुजले, कानांची टोकं वाळली, शेपटीचा शेंडा काळा पडून शेंगेसारखा कडक झाला.

"नजर लागली," पलीकडच्या आळीतली गुणाबाई म्हणाली.

देवाजी जनावरांच्या दवाखान्यातून दीपिका डॉक्टरणीला घेऊन आला. तिनं म्हैस पाहिली, मग ढिगात हात घालून एक मूठ ओढली.

"हे कोण खाते?"

"तीच," रुखमा म्हणाली.

"आणि बैल?"

"त्याईले खालचं. चांगलं."

"बाई, नजर-बिजर काही नाही. या बुरशीचं विष पोटात गेलं, की शेपटीला, कानाला, पायाला रक्त नीट पोचत नाही. तेवढा भाग मरतो. खूर गळले तर ही उभी राहणार नाही."

"अन् पोटातलं?"

"आजपासून हे तणस बंद करा. दोघंही वाचतील अशी आशा आहे."

मी कुडाशी उभी. म्हटलं, आता देवाजी बोलणार, सांगितलं होतं ना तुले. पण त्यानं विळा घेतला आणि बांधावरचं हिरवं गवत आणायला निघून गेला. रुखमा मला नंतर म्हणाली, "बोलला असता तं बरं होतं वो बाई. भांडता तरी आलं असतं."

मग ती रोज लाल औषधाच्या पाण्यानं म्हशीचे पाय धुवी, डॉक्टरणीची भुकटी चारी. शेपटीचा मेलेला भाग कापावा लागला. खूर मात्र टिकले. शेपूट तुटकी म्हणून गावानं म्हशीचं नाव बांडी ठेवलं. तिला माशा वारता येईनात, तर रुखमा जुन्या लुगड्याचा पट्टा घेऊन बाजूला बसे.

काळं तणस तिनं खताच्या खड्ड्यात टाकलं. गुणाबाई तेच मागायला आली.

"बकऱ्याईच्या खाली अंथरतो. खाऊ नाई घालत."

"बकरी का तुले विचारून खाते?"

"फेकतेस, पण देत नाईस. कायची माणूस वो तू?"

"विष वाटाले मी आली नाई."

गुणाबाईनं हळदीकुंकवापर्यंत अबोला धरला. तोवर बांडी व्याली. वगार झाली, चांगली लांब शेपटीची. रुखमानं पहिल्या चिकाचा खरवस केला आणि वाटी घेऊन आधी गुणाबाईकडं गेली. अबोला संपला.

तेव्हापासून रुखमाला हुंगायची सवयच लागली. मूठभर तणस काढायचं, नाकाशी धरायचं, कुबट आलं तर टाकून द्यायचं. पुढं आळीत कोणाचा ढीग फोडायचा असला की आधी तिला हाक जाई. लेकी हसायच्या, आपल्या मायचं नाक सरकारी झालं म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात रुखमा गेली. दुपारी जेवून लवंडली, ती उठलीच नाही. त्या सकाळी मात्र तिनं कुडावरून विचारलं होतं, "येतं का वो, गुणाबाईचा ढीग फोडाचा हाय." मी गेले. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ काढली, हुंगली.

"वरचं खड्ड्यात टाक. आतलं दोन दिवस उनात घाल, मंग दे."

"तेवढं चालते वो," गुणाबाई म्हणाली.

"बकरीले विचार," रुखमा म्हणाली, हात झटकला, आणि बांडीच्या नातीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून लगालगा घरी निघाली.