वायंडिंगकाकूंचा एसी

तीस वर्षं जळक्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना वायंडिंगकाकू म्हणे. बंद पडलेला पंखा नुसता हुंगून त्या दुखणं सांगत. विहीणबाईंपुढे मात्र त्यांची डाळ शिजत नसे.

विहीणबाईंनी फोनवरच बजावलं होतं. बाळाला घामोळं आलंय. एसी असेल तरच सून महिनाभर माहेरी राहील, नाहीतर संध्याकाळी परत. आणि एसी बघायला त्या स्वतः येणार होत्या.

काकूंनी भंगारातून एका मेलेल्या एसीचं पांढरं खोकं आणलं, आतला पसारा काढून टाकला आणि ते भिंतीवर चढवलं. मागच्या गॅलरीत हाताने बांधलेला कूलर ठेवला. पत्र्याची पेटी, गवताच्या जाळ्या, त्यांवर पाणी सोडणारा इवलासा पंप. त्याचं तोंड भिंतीतल्या भोकातून थेट खोक्यात. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, त्यामुळे ओल्या जाळ्यांतून येणारा वारा चांगलाच गार.

लेक आली, मागून विहीणबाई. बाळ पाच मिनिटांत झोपलं. विहीणबाईंनी पदर अंगभर ओढला आणि खिडकी लावायला उठल्या.

काकू झटकन पुढे झाल्या. खिडकी लावली की ओलावा कोंडणार आणि घटकाभरात खोलीचं न्हाणीघर होणार.

"उघडीच राहू द्या, विहीणबाई. या मॉडेलला लागते."

"एसीला? मग गारवा पळून नाही जात?"

"शिळी हवा जाते. लहान बाळांसाठी मुद्दाम काढलाय."

लेकीने ओठ चावला. विहीणबाई पाणी प्यायला म्हणून उठल्या, त्या तडक गॅलरीत. काकू मागे धावल्या, तोवर विहीणबाईंचं बोट ओल्या जाळीवर होतं. आता लेकीची बॅग उघडायच्या आतच परत जाणार, असं काकू धरूनच चालल्या.

"वीज किती खातो हा?"

"दोन पंख्यांएवढी."

विहीणबाईंनी सुस्कारा सोडला. मग हळूच सांगितलं, की त्यांच्याकडचा एसी दिवसातून तासभरच लागतो. बिल आलं की त्यांचे यजमान जेवत नाहीत. शेजारणींना मात्र त्या सांगतात, मला बाई थंडी बाधते.

आत येऊन त्यांनी मुलाला फोन लावला. इथला एसी आपल्यापेक्षा बरा आहे, सुनेला खुशाल महिनाभर राहू दे, म्हणाल्या. मग खोक्याखालची खुर्ची अंगाखाली नीट ओढून घेतली.

"आणि तिच्या सोबतीला मीही राहते."

लेकीने आईकडे पाहिलं.

"राहा की," काकू म्हणाल्या. दुसरं म्हणणार काय!