वाटीभर दहीसाखर

साठच्या दशकात बंगळूरच्या एका इस्पितळात मी भूल द्यायचे. एकदा चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले एक अण्णा हर्नियासाठी आले. सोबत थोरली बहीण, अक्का. आतडं अडकायला लागलं होतं, थांबायची सोय नव्हती. हृदय इतकं थकलेलं की पाय सुजलेले, आणि दोन वाक्यं बोलून दम लागायचा.

सर्जन म्हणाले, "पाठीत इंजेक्शन द्या, सोपं आहे."

मी भडकले. त्यानं रक्तदाब कोसळला असता तर या हृदयाला तो सावरता आला नसता. मी ईथरची भूल ठरवली, मास्कवर थेंबाथेंबानं.

मास्क तोंडाशी नेला आणि मिशीत काहीतरी पांढरं दिसलं.

"पोट रिकामं आहे ना?"

"पाण्याचा थेंब नाही. निघताना अक्कानं दहीसाखर दिली तेवढीच. स्वल्प. एक वाटी."

दहीसाखर यांच्या लेखी खाणं नव्हतंच! भुलीत उलटी झाली असती तर ते दही फुप्फुसात उतरलं असतं. मी मास्क खाली ठेवला. आता फक्त कापायची जागा बधिर करणं उरलं. अण्णा जागेपणी दात आवळून पडून राहिले. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली मधूनच गप्प व्हायची.

अण्णा निभावले. बाहेर येऊन मी अक्काला ते सुखरूप असल्याचं सांगितलं.

"दहीसाखरेनं तारलं," ती म्हणाली.

मी तिला समजवायला लागेपर्यंत, दाराशी ट्रॉलीवर थांबलेल्या पुढच्या बाईनं अक्कानं दिलेली दहीसाखर चाटून आपला तळहात पुसलासुद्धा होता.