मेंबरबाईंचा बिनहळदीचा डबा

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही मुलीची, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय पेन पुढं सरकत नाही. म्हणून तुम्ही बसला आहात असं धरते.

मेंबरबाईंच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या होत्या. सहा भरलेल्या आणि मधली रिकामी, पालथी घातलेली. मी डबा उघडला की त्या जिथं असतील तिथून यायच्या, त्या पालथ्या वाटीवर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हळद नगं गं."

रोज. मी म्हणायची, "वहिनी, ठाऊक हाय की मला." तरी दुसऱ्या दिवशी हात तिथंच.

मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला होते. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, मेंबरबाईंच्या घरात तांबडा रस्सापण पांढराच असतोय. वर्षाची चटणीसुद्धा त्या हळदीशिवाय कांडून आणायच्या. कांडपवाला विचारायचा, "डॉक्टरनं बंद केलीया काय?" त्या नुसत्या हसायच्या. तुम्ही कधी हळदीशिवायची आमटी बघितली आहे का? ताटात वाढली की आजाऱ्याच्या तोंडासारखी दिसते.

आधी असं नव्हतं. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा नवऱ्यानं त्यांचं नाव पुढं केलं, त्या निवडून आल्या, आणि दुसऱ्याच वर्षी नवरा वारला. लोकांना वाटलं आता ह्या नुसत्या सहीपुरत्या. पण त्या गटारीच्या काठावर लुगड्याचा ओचा धरून उभ्या राहायच्या. ठेकेदार कागद पुढं करायचा, "वहिनी, करा की सही, जेवायची वेळ झाली."

"परत एकदा बघू की," त्या म्हणायच्या.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भाजीवाल्याचा हिशोब असो नाहीतर सुनेची तक्रार, "परत एकदा बघू की."

मग ती निवडणूक आली. मुंबईला आमदारांची दोन सभागृहं असतात. खालच्या सभागृहाला आपण सगळे मत देतो. वरचं, विधान परिषद म्हणतात ते. तिथल्या आपल्या भागाच्या एका जागेला मेंबर लोकच मत देतात. हे मला वहिनींनीच सांगितलं, मी तांदूळ निवडत होते तेव्हा. त्या दिवशी एक उमेदवार मत मागायला आला होता. म्हातारा माणूस, एकटाच आलेला. खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसला.

वहिनींनी त्याला विचारलं, "रागावू नका, पण तिथं वरच्या सभागृहात करता काय?"

तो माझ्या सुपाकडं बघून म्हणाला, "ह्या बाई करत्यात तेच. खालच्यांनी घाईनं निवडलेलं आम्ही दुसऱ्यांदा निवडायचं. खडा ऱ्हायला असंल तर काढायचा."

"म्हंजे परत एकदा बघायचं."

"व्हय की."

चहा पिऊन तो गेला. काही दिलं नाही, काही कबूल करून घेतलं नाही.

दुसऱ्या उमेदवाराला सगळे साहेब म्हणत. वहिनींचा मुलगा साहेबांच्या कारखान्यात कामाला होता, शिरोलीला. साहेब स्वतः आले नाहीत. त्यांच्याकडून आला तो आमच्या गल्लीचा दूधवाला. तीन म्हशी होत्या त्याच्या, दूध घालायचा आणि निवडणूक आली की साहेबांची कामं करायचा. त्यानं ताटलीत भंडारा आणला होता, देवाची हळद. आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. कागदावर सही करून मोडतील, पण ह्याला भितात.

"आक्का, मी आपला निरोप्या. एवढा उचला म्हंजे माझं काम झालं," तो म्हणाला. ताटलीशेजारी त्यानं जाड पाकीट ठेवलं.

वहिनींनी भंडारा उचलला.

ते पाकीट कुठून आलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या वेळी मागच्या दारात रडत बसले होते, कारण नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं आणि पैसे नव्हते. वहिनी मागं आल्या आणि पाकीट तसंच माझ्या पदरात टाकलं. मी म्हटलं, "एवढं कधी फेडू?"

"जमंल तसं. आधी माणूस घरी आण."

माणूस घरी आला. मी महिन्याच्या पगारातून फेडायला लागले. तेवढ्यात निवडणूक होऊन गेली होती, साहेब थोडक्यात पडले होते आणि वहिनींच्या डब्यातली वाटी पालथी झाली होती. ह्या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला कळायला सहा वर्षं गेली.

मी बघितलं ते एवढंच. दूधवाल्यानं म्हशी विकल्या. शिरोलीतच दुसऱ्या एका फौंड्रीत तो वॉचमन झाला, उचगावला भावाकडं राहायला गेला. रात्रपाळी सुटली की वाकडी वाट करून सायकलवरून आमच्या गल्लीत यायचा. वहिनींच्या दारासमोर एक पाय जमिनीला टेकून थांबायचा.

"बरं हाय न्हवं, आक्का?"

बस्स, एवढंच. आवाज चढवायचा नाही. वहिनी खिडकीच्या आत भिंतीला पाठ लावून उभ्या असायच्या. सायकल हलेपर्यंत मीपण भाकरी थापायची थांबायची, का ते माहीत नाही. मला वाटायचं ह्याचं दुधाचं बिल राहिलं असेल. एकदा म्हटलं, "वहिनी, देऊन टाका की त्याचं काय असंल ते."

त्या म्हणाल्या, "घेत न्हाय गं तो."

नंतर कधी तो आला नाही अशा दिवशीही त्या त्या वेळेला खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. मला म्हणायच्या, "थांबला काय बघ." मी बघायची. रस्त्यावर कुणी नसायचं. "न्हाय वहिनी." "नीट बघ. परत एकदा बघ."

शेवटी किडन्या गेल्या आणि त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी सून बँकेत गेली होती. त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

म्हणाल्या, मतदानाआधी चार दिवस सगळ्या मेंबरांना हॉटेलात ठेवलं होतं. मग बसमधून आणलं. आत गेल्यावर तिथलंच जांभळ्या शाईचं पेन दिलं, आपलं चालत नाही. नावापुढं एक आकडा घालायचा. "पेन हातात घेतलं आणि तुझं सूप आठवलं बघ. त्या म्हाताऱ्याच्या नावापुढं एक घातला."

साहेब पडले. भंडारा उचललेले मोजले तर एक मत कमी. साहेबांनी सगळ्यांना बंगल्यावर बोलावलं. परत ताटली फिरली. एकेकानं भंडारा हातात घेऊन सांगायचं, पाकीट मिळालं, मत दिलं. वहिनींची पाळी आली. मत दिलं असं खोटं बोलायला जीभ वळेना. दिलं नाही म्हणावं तर पोराची नोकरी.

"तोंडातनं गेलं, मला पाकीटच आलं न्हाय."

भंडारा हातात असताना बाई खोटं बोलेल असं तिथं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे पाकीट दूधवाल्यानं खाल्लं, आणि मत गेलं तेही त्याच्यामुळंच. तो ओरडून सांगत होता, ह्या हातानं दिलंय. भंडाऱ्यापुढं त्याचं कोण ऐकणार? ते पाकीट त्याच्याकडून भरून घेतलं. म्हशी त्यातच गेल्या. साहेबांच्या माणसांत त्याला पाकीटखाऊ म्हणायला लागले, त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं.

मी ऐकत होते. ते पाकीट मीच खाल्लं होतं. माझ्या नवऱ्याच्या पोटावरचे टाके त्याचेच.

वहिनींनी उशाखालून फडक्याची पुरचुंडी काढली. मी सहा वर्षं दिलेले सगळे पैसे तिच्यात होते, एक नोट हललेली नव्हती. "त्याला दोनदा द्यायला गेलतो, मी आन् माझं भ्या," त्या म्हणाल्या. "घेत न्हाय. म्हणतोय, आक्का, आधी खरं बोला, मग पैसं. मला जमलं न्हाय गं. हे घे. उरलेलं तुझ्याकडं हाय. माझ्या पोराला देऊ नगं, त्याला दे."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दहाव्याला साहेब आले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, गल्ली जमली होती. फाटकाबाहेर, सायकल धरून, दूधवालाही उभा होता. आत यायला त्याला कुणी म्हटलं नाही. साहेब म्हणाले, "बाई खरी हुती. भंडाऱ्याला जागणारी." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला माणसांत बोलायची सवय नाही, दुकानात सुटे मागायचे तरी मुलीला पाठवते. मी ट्रे खाली ठेवला.

"साहेब, पाकीट आलं हुतं," मी म्हटलं.

"कसलं पाकीट, मावशी?"

"भंडाऱ्याबरोबरचं. त्या दूधवाल्यानं दिलं, वहिनींनी घेतलं आन् मला दिलं. त्यानं खाल्लं न्हाय."

साहेबांनी कप खाली ठेवला, खिशातून मोबाइल काढून बघितला आणि ड्रायव्हरला हाक मारली. पाकीट म्हणून काही असतं हे त्यांना कबूल करता येत नव्हतं, आणि मी खोटं बोलते हेही म्हणता आलं नाही. गाडी गेली. मी फाटकाकडं बघितलं तर सायकलवाला गडी तोंडावर टॉवेल धरून उभा होता.

वहिनींच्या मुलाची नोकरी महिन्याभरात गेली. त्यानं मला परत त्या दारात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. निघताना मी तो डबा मागितला. सुनेनं तो रस्त्यात आणून ठेवला.

दूधवाल्यानं पुरचुंडी घेतली. राहिलेले मी दुसऱ्या दोन घरी कामं धरून दर महिन्याला देत गेले. तो आता माझ्या दारासमोर थांबतो, एक पाय टेकून. डबा माझ्या फळीवर आहे. मी मधल्या वाटीत हळद भरली, पण चिमूट उचलायला गेले की कुणीतरी आधीच तिथं तळहात ठेवलाय असं वाटतं. मग मी थांबते. तो हात निघेपर्यंत आमटीला उकळी येते.

काल शेवटचा हप्ता होता. त्यानं नोटा मोजल्या नाहीत, पिशवीत टाकल्या.

"फिटलं," तो म्हणाला. मग सायकल वळवून त्यानं वहिनींच्या बंद खिडकीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "बरं हाय न्हवं, आक्का?"

मी आत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सगळे पैसे फिटले.